धाकटीनं कूस बदलली

"तुमचा विश्वास बसणार नाही, सचिवसाहेब! कुणाचाच बसणार नाही. खरं सांगायचं तर माझाही अजून नीट बसलेला नाही. पण मी आत्ता गच्चीवरून उतरलोय, चष्मा दोनदा पुसून बघितलंय आणि सांगतोय. धाकटी भडकली!"

खिळेकाका फोनवर इतक्या जोरात बोलत होते, की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं. सचिवांचं घर तीनच गल्ल्या पलीकडे होतं. स्वयंपाकघरातून काकू ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. धाकटी भडकली म्हटल्यावर त्यांना आपली धाकटी जाऊ आठवली आणि ती कशावरून भडकली असेल याची तीन कारणंही एका दमात आठवली.

पण ही धाकटी आकाशातली होती. दिवेलागणीनंतर पूर्वेला एक ठसठशीत तारा वर यायचा आणि त्याला अगदी खेटून एक मिणमिणती चांदणी असायची. शास्त्रात अशा चांदणीला रूपविकारी तारा म्हणतात, म्हणजे जिचं तेज कधी कमी, कधी जास्त होतं अशी. तारे निरीक्षक मंडळात मात्र एवढं लांबण कुणी लावत नसे. ठळक ती थोरली, फिकी ती धाकटी, दोघी जावा. थोरली बारा महिने सारखी झळकणार, चारचौघांत उठून दिसणार. धाकटी बिचारी इतकी पुसट, की साध्या दुर्बिणीतून तिचं अस्तित्वही कळू नये. पण पाच-सात वर्षांतून एकदा तिचा बांध फुटायचा. मग आठ-दहा दिवस ती अशी पेटायची, की हातातल्या दुर्बिणीतूनसुद्धा थोरलीच्या तोंडाला तोंड देताना दिसायची. नंतर पुन्हा गप्प. तिचं हे भडकणं जो सर्वांत आधी बघेल, त्याचं नाव मंडळाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर ठळक टाइपात छापायचं, असा मंडळाचा ठरावच होता.

आणि खिळेकाकांचा जीव अडकला होता तो या ठळक टाइपात.

काका छापखान्यात खिळे जुळवायचे. खान्यातून शिशाची एकेक उलटी अक्षरं उचलायची आणि ओळी लावायच्या, बत्तीस वर्षं हेच काम. या बत्तीस वर्षांत त्यांनी मंत्र्यांची नावं जुळवली, पैलवानांची जुळवली, नवरानवरींची आणि दंतवैद्यांची जुळवली. हरवलेल्या एका कुत्र्याचं नाव तर त्यांनी छत्तीस पॉइंटात, म्हणजे अर्धा इंच उंच टाइपात, जुळवलं होतं. स्वतःचं नाव जुळवायची वेळ मात्र एकदाही आली नाही. "कुत्रा हरवला तरी छापून येतं," ते काकूंना म्हणायचे, "मी हरवलो तर तू चार ओळी देशील का, याचीसुद्धा मला खात्री नाही."

दुसरी एक गोष्ट ते सांगायचे ती म्हणजे बत्तीस वर्षांत आपल्या हातून एक खिळा उलटा पडला नाही. हे ते दिवसातून एकदा सांगायचे, घरी पाहुणे आले तर दोनदा.

"फोन धरून ठेवा," सचिव पलीकडून म्हणाले. ते निवृत्त गणितशिक्षक होते. स्वतः ताळा करून बघितल्याशिवाय त्यांनी कधी दोन आणि दोन चार होऊ दिले नव्हते. ते गच्चीवर गेले. काका इकडे फोन कानाला लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिले. काकू तोवर सगळं समजून घेऊन जरा निराश झाल्या होत्या.

चार मिनिटांनी सचिव फोनवर परत आले. "नाही हो."

"काय नाही?"

"भडकलेली नाही. डावीकडे ठार अंधार आहे."

"डावीकडे कशाला बघताय? उजवीकडे बघा ना! थोरलीच्या उजव्या हाताला!"

"काका, धाकटी डावीकडे असते. गेलं वर्षभर डावीकडेच आहे. पत्रिका काढा, पान सात. आणि हातच्या काकणाला आरसा कशाला? नकाशा तुम्हीच तर छापलाय."

काकांनी कपाटातून पत्रिका काढली. ती त्यांनी घरी कधी उघडलीच नव्हती. रांधणाऱ्याची भूक वासानंच मरते, तसं त्यांचं छापलेल्या कागदाचं होतं. आकाश बघायला ते वापरायचे तो सचिवांनीच काढून दिलेला मूळ नकाशा, कोपऱ्यात सही असलेला ट्रेसिंग पेपर. त्यावर धाकटी उजवीकडे होती. आता त्यांनी पान सात उघडलं. तिथं धाकटी डावीकडे होती.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

चूक कशी झाली ते त्यांना लख्ख आठवलं. नकाशाचा ठोकळा त्यांनी लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर स्वतः कोरला होता. ठोकळा उलटा कोरायचा म्हणजे कागदावर सुलटा उमटतो, हे छापखान्यातल्या मांजरालाही ठाऊक. म्हणून काकांनी सचिवांचा कागद लिनोलियमवर पालथा घातला. इथवर बरोबर होतं. मग चहा आला. चहा पिऊन परतल्यावर हाताला सवयच अशी, की समोर दिसेल ते उलटं करायचं. त्यांनी कागद पुन्हा एकदा पालथा घातला आणि कोरायला बसले. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं आणि सुलटा ठोकळा छापला की कागदावर उलटा उमटतो, हे जन्मभर उलट्यालाच सुलटं मानलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. प्रूफ तपासलं होतं, पण तपासणाऱ्या प्रूफबाई अक्षरं बघतात. 'थोरली' आणि 'धाकटी' हे दोन्ही शब्द बिनचूक होते. ठिपक्यांना कुठं ऱ्हस्व-दीर्घ असतं?

मग वर्षभरात मंडळाच्या एकेचाळीस सभासदांपैकी कुणालाच कसं कळलं नाही? नकाशा आकाशाशी जुळत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात आलं होतं. पण नकाशा छापील होता. छापील गोष्टीचं आणि आकाशाचं पटेना, तेव्हा सगळ्यांनी आकाशालाच सांभाळून घेतलं.

"काका? आहात ना?" फोन विचारत होता.

"आहे. म्हणजे... पुन्हा बघतो." काकांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

"चेहरा का पडला?" काकूंनी विचारलं.

"चेहरा नाही, मी पडलो. पान सातवर." त्यांनी सगळं सांगितलं.

"मग त्यात काय? सांगून टाका. ठोकळा उलटा पडला, धाकटी उजवीकडे आहे, ती मीच पहिल्यांदा बघितली. विषय संपला."

"विषय नाही, बत्तीस वर्षं संपली! एकेचाळीस माणसं वर्षभर रिकाम्या जागेकडे डोळे लावून बसलीत, माझ्यामुळे. सचिवांनी तर त्या रिकाम्या जागेत धाकटीला अकरा वेळा बघितलंय! 'अत्यंत पुसट, परंतु निश्चित.' त्या अकरा नोंदी मीच जुळवल्यात!"

"मग नका सांगू."

"आणि माझं नाव? ठळक टाइपात?"

"म्हणजे तुम्हाला पोहायचंही आहे आणि अंगही भिजवायचं नाही," काकू म्हणाल्या आणि भांडी घासायला निघून गेल्या.

काका विचारात पडले. खरं सांगावं तर शोध मिळतो, पण इभ्रत जाते. गप्प बसावं तर इभ्रत राहते, पण शोध जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये धाकटी आठ-दहा दिवसांची पाहुणी. सचिवांनी धाकटी डोळ्यांनी बघितली पाहिजे, पण नकाशाबद्दल अवाक्षर निघता कामा नये. धाकटी काही जागची हलणार नव्हती. राहता राहिले सचिव. काकांनी दुर्बीण गळ्यात अडकवली, सायकल काढली आणि तीन गल्ल्या एका दमात पार केल्या.

सचिव गच्चीवरच होते.

"सचिवसाहेब, मी मघाशी गडबडलो. पण ती भडकलीय एवढं नक्की. नुसतं उभ्यानं बघून भागायचं नाही. या बाकावर झोपा."

"झोपू?"

"पाय पश्चिमेला, डोकं पूर्वेला. अजून सरका. मान बाकाच्या बाहेर काढा. आता डोकं सोडून द्या."

"सोडून देऊ म्हणजे?"

"लटकवा."

सचिवांनी आयुष्यभर वर्गातल्या पोरांना उलटं टांगण्याची भाषा केली होती. स्वतः टांगून घेण्याची ही पहिलीच खेप. "पण कशासाठी?" ते खालून म्हणाले.

"रक्त डोळ्यांत उतरतं. नजर धारदार होते. वटवाघूळ उगीच उलटं लटकतं होय?"

"वटवाघळाला दिसत नाही, काका."

"उलटं लटकत नसतं तर आणखी किती दिसलं नसतं, विचार करा!"

सचिवांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. माणसाचं डोकं खाली गेलं की त्याचं उजवं डावीकडे येतं. हे काकांना ठाऊक होतं, कारण उलटसुलट करणं हाच त्यांचा धंदा. सचिवांना ठाऊक नव्हतं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी डोकं कधी खाली घातलंच नव्हतं.

"दिसली!" सचिव किंचाळले. "अहो, दिसली! केवढी पेटलीय! आणि डावीकडे! बघा, डावीकडेच! मी म्हणत नव्हतो?"

ते इतक्या घाईनं उठायला गेले, की बाकाचं दुसरं टोक वर आलं आणि ते खाली आले. पण त्यांना कशाची शुद्ध नव्हती. लालबुंद चेहऱ्यानं त्यांनी काकांना मिठी मारली. काकांनी छाती फुगवली, मान जरा खाली घातली आणि नाव ऐकायला कान टवकारले.

"काका, तुमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही उजवीकडे भलतीच चांदणी बघितलीत खरी, पण तुमच्या त्या चुकीमुळे मला खरी धाकटी सापडली. पत्रिकेत तुमचे आभार मानणार मी."

"आभार?"

"शेवटच्या पानावर. बारीक टाइपात का होईना."

काका सायकल हातात धरून चालत घरी आले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही. काकूंनी विचारलंही नाही. त्या नुसत्या हसल्या, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

इकडे सचिवांनी एकूण एक सभासदाला फोन केला. सभासद गच्चीवर धावले, डावीकडे बघितलं आणि त्यांचे उलट फोन आले. "दिसत नाही हो." "उभे आहात का?" सचिव विचारायचे. "उभं राहून काय दिसणार? झोपा! डोकं लटकवा!" मग पाच मिनिटांनी तेच सभासद फोनवर आनंदानं ओरडायचे. रक्त डोळ्यांत उतरल्यामुळे नजर धारदार होते, हे तोवर काकांचं राहिलं नव्हतं. ते सचिवांचं तत्त्व झालं होतं आणि त्याला एक समीकरणही जोडलं गेलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी काकांनी आपल्या गच्चीवरून गावावर नजर टाकली. इकडे एक बाक, तिकडे एक टेबल, पलीकडे पाण्याच्या टाकीचा कठडा, आणि प्रत्येकावरून एकेक डोकं खाली लोंबत होतं. सभासदांचं बघून शेजारी लोंबू लागले होते. एका बाईंनी समोरच्या गच्चीवर माणूस लटकलेला बघून अग्निशमन दलाला फोन केला. जवान शिडी लावून वर चढला, सगळी हकीकत त्यानं ऐकून घेतली, हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि स्वतःच बाकावर आडवा झाला. खाली बंबावर थांबलेल्यांनी अर्धा तास त्याची वाट बघितली, मग एकेक करून तेही वर गेले. तिसऱ्या दिवशी सात सभासदांच्या मानेला पट्टे होते. हाडांच्या डॉक्टरांनी आधी सातही जणांना दम भरला. मग दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "पण दिसते का खरंच?"

चौथ्या दिवशी सकाळी सचिव छापखान्यात आले. मान वाकडी होती, पण चेहरा फुललेला. त्यांनी लिहून आणलेली विशेष पुरवणी काकांच्या हातात ठेवली. 'अधोमुख निरीक्षणपद्धती आणि धाकटीचा शोध.' खाली 'शोधकर्ता' म्हणून त्यांचं नाव.

"नाव छत्तीस पॉइंटात घ्या, काका. उद्या संध्याकाळच्या सभेत वाटायचीय. आणि नकाशा तोच टाका, मागचाच ठोकळा."

काकांनी ते नाव जुळवलं. एकेक अक्षर उचलताना शिसं आज जास्तच जड लागत होतं. हरवलेल्या कुत्र्यानंतर छत्तीस पॉइंट आज पहिल्यांदाच बाहेर निघाले होते.

प्रूफ वाचायला प्रूफबाई बसल्या. कानामागे पेन्सिल, नाकावर चष्मा. या बाईंच्या हातून स्वल्पविरामसुद्धा सुटायचा नाही. नवऱ्यानं लग्नाआधी लिहिलेली पत्रं त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली होती, आणि तरी लग्न झालं होतं.

"काका, हे काय लिहिलंय? 'मस्तक अधोमुख केल्यावरच धाकटी थोरलीच्या डावीकडे दिसते.' आणि मस्तक वर असलं की?"

"दिसत नाही."

"कुठंच?"

"प्रूफबाई, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. डोक्याचं वर-खाली आम्ही बघतो."

"बरं," प्रूफबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' म्हणजे विषय मिटला असं नसायचं. समासात खूण केलीय, सवडीनं परत येईन, असा त्याचा अर्थ असायचा. चोराच्या मनात चांदणं, आणि काकांच्या मनात तर नेमकी एकच चांदणी, तीही उजवीकडे. त्यांनी पाठ फिरवली.

दुपारी सगळे जेवायला गेले. काकांनी जुना ठोकळा हातात घेतला आणि त्यांना तो छापवेना. नकळत झाली ती चूक, पण कळून पुन्हा छापली तर ती लबाडी. शिवाय सात माना. ट्रेसिंग पेपर काढून त्यांनी नवा तुकडा कोरायला घेतला. कागद एकदाच पालथा घातला आणि चहा आला तेव्हा परत पाठवला. नव्या नकाशात धाकटी उजवीकडे, आपल्या हक्काच्या जागी बसली. सचिवांच्या मजकुराला मात्र त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या मजकुरातला खिळा बदलणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. मागची पत्रिका कुणाकडे असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. लोकांनी कधीच टाकून दिली असेल.

लोकांनी टाकून दिली नव्हती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या वरच्या मजल्यावर सभा भरली. बाहेर लागूनच गच्ची होती आणि तिथं एकेचाळीस बाकं आडवी मांडून ठेवलेली. पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन काका आले आणि दुसरा गठ्ठा घेऊन प्रूफबाई. वाटप झालं. दोन मिनिटं कागदांची सळसळ झाली आणि मग पट्टा घातलेला एक सभासद, मान वळवता येत नसल्यामुळे सगळा देहच वळवून, म्हणाला, "सचिवसाहेब, लेखात डावीकडे आणि नकाशात उजवीकडे?"

सचिवांनी बघितलं. पिशवीतून मागची पत्रिका काढून शेजारी धरली. तिथं डावीकडे. एकेचाळीस जोडी डोळे काकांवर आले.

"गच्चीवर चला!" सचिव म्हणाले. सगळे गच्चीवर आले. सवयीनं काही जण बाकांकडे वळले.

"नको! उभ्यानंच बघा आज," काका ओरडले. "डोकं वर ठेवून. आणि उजवीकडे."

एकेचाळीस दुर्बिणी वर झाल्या. थोरलीच्या उजव्या हाताला धाकटी अशी पेटली होती, की थोरली तिच्यापुढं ओशाळल्यासारखी वाटत होती. "अहाहा!" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलू लागले, टाळ्या वाजल्या. एका सभासदानं आनंदाच्या भरात मानेचा पट्टा काढून भिरकावला.

एकटे सचिव दुर्बीण खाली करून उभे होते. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पण परवा ती डावीकडे होती. मी स्वतः बघितली. वर्षभरात अकरा वेळा बघितलीय."

आता बोलायला हवं होतं. काकांना ते कळलं. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि सचिवांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तोंडातून जे बाहेर आलं ते ऐकून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"होती ना! डावीकडेच होती! पण भडकली की धाकटी कूस बदलते."

"काय बदलते?"

"कूस. मी त्या पहिल्या संध्याकाळी बघितलं. आधी डावीकडे निपचित. मग जरा चुळबुळ. मग अशी थोरलीच्या अंगावरून, अलगद, तिला जाग न येऊ देता, पलीकडे. मी फोन केला तेव्हा ती उजवीकडे पोचली होती. तुम्ही झोपून बघेपर्यंत पुन्हा डावीकडे. अस्वस्थ जीव हो! आणि काल दुपारी मी हिशेब मांडला, की आज ती उजवीकडे कायमची स्थिरावणार. म्हणून नवा ठोकळा कोरला."

मग सचिवांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या अकरा नोंदी वाचल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

"कूस बदलणारा तारा! मंडळी, असा तारा आजवर कुणी बघितला नसेल! काका, धाकटी भडकली हे कुणीही बघितलं असतं. पण ती वळते हे बघायला तुमचीच नजर हवी होती. माझं नाव काढा! पुरवणी पुन्हा छापा! शोधकर्ता म्हणून तुमचं नाव, छत्तीस पॉइंटात!"

"अठ्ठेचाळीस!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघा सभासदांनी काकांना उचलून बाकावर उभं केलं. काकांना वरून सगळं गाव दिसत होतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं आपल्या नावाची अक्षरं एकेक करून, उलटी, चकाकत, ओळीला लागत होती.

"काका."

आवाज मोठा नव्हता. गच्चीच्या दारातल्या दिव्याखाली प्रूफबाई उभ्या होत्या. त्यांनी मागची पत्रिका आणि नवी पुरवणी एकावर एक धरली होती, एक सुलटी, एक पालथी, आणि दोन्ही दिव्यासमोर.

"धाकटीनं कूस बदलली. बरं, धरून चालू. पण इथं ठिपक्यावर ठिपका बसतोय. एक-दोन नाही, नकाशातले सत्तावीसच्या सत्तावीस. मग तिच्याबरोबर बाकीच्या चांदण्यांनीही कूस बदलली का?"

एकेचाळीस माना, त्यातल्या सहा पट्ट्यांसकट, काकांकडे वळल्या. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"त्याचं असं आहे, प्रूफबाई," ते बाकावरून म्हणाले, "एकीनं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते. वर पांघरूण एकच ना!"

"खोटं!" प्रूफबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "साफ खोटं बोलताय, काका, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध! आकाश जागच्या जागी आहे. उलटा पडला तो तुमचा ठोकळा. म्हणजे त्या पहिल्या संध्याकाळी डोकं वर ठेवून खरी धाकटी बघणारे अख्ख्या गावात तुम्ही एकटेच होतात. बत्तीस वर्षांत एकदाही नाव छापून आलं नाही म्हणता ना? आता दोनदा येईल. एकदा शोधात आणि एकदा शुद्धिपत्रात."